पाईपाखालची खडी

आई,

तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं. विहारातल्या ताईंनी तुला सही शिकवली होती, तेवढीच. तू जिवंत असतानाही मी बाहेरगावी गेलो की शेजारच्या काकूंच्या फोनवर निरोप ठेवायचो आणि त्या तुला सांगायच्या. आज हे तुला वाचून दाखवायला कोणी नाही, हे एका परीने बरंच आहे. कुळगावच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. सकाळचे अकरा वाजलेत. बायको शाळेत शिकवायला गेलीय, लेक कॉलेजात. समोर कंपनीचं पत्र पडलंय. सोनिवलीच्या वसाहतीतली सांडपाण्याची लाईन का खचली, याचा लेखी खुलासा मी द्यायचा आहे. दोन दिवस त्यावर बसलोय. 'सदर कामाच्या ठिकाणी' एवढं लिहिलं की पुढे हात चालत नाही आणि मला उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली ती गल्ली दिसायला लागते. म्हणून म्हटलं, आधी ते लिहून टाकावं, मग कंपनीचं बघू.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्हाला ड्रेनेज शिकवणाऱ्या सरांनी एक दिवस वर्गात सांगितलं की पुस्तकातल्या आकृत्या पुरे झाल्या, उद्या उल्हासनगरला चालू काम बघायला जायचं. तू तेव्हा उल्हासनगरातच कामाला जायचीस, हे मला ठाऊक होतं. पण तुमची टोळी दर आठ-दहा दिवसांनी गल्ली बदलायची आणि उल्हासनगरात गल्ल्या काय कमी आहेत? आई कशाला भेटतेय, असं मी स्वतःला समजावलं. अंबरनाथच्या आपल्या चाळीतून तू सकाळी सातला निघालीस, मी आठला. आदल्या रात्री तुला सांगता आलं असतं, की उद्या आम्ही येतोय. सांगितलं नाही. आता वाटतं, तिथेच सुरुवात झाली होती.

गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंना कापडाची आणि फर्निचरची दुकानं, मधोमध छातीएवढा खोल चर, आणि गिऱ्हाइकांना ये-जा करता यावी म्हणून दुकानदारांनी त्यावर आडव्या फळ्या टाकलेल्या. एक सिंधी काका पायरीवर उभे राहून मुकादमावर ओरडतायत, "कितने दिन और? पूरा धंदा बैठ गया मेरा!" आणि त्याच दमात चरातल्या बायकांसाठी थंड पाण्याची बाटली खाली देतायत. तू चरात गुडघ्यांवर बसलेली आहेस. साडीचा काचा मारलेला, वरून बाबांचा जुना चौकटीचा शर्ट. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि त्यांचे शर्ट तू कामावर घालून घालून संपवत होतीस. मी तुला आधी त्या शर्टावरून ओळखलं. तोंड तू नंतर वर केलंस.

सर काठावरून पुस्तकातलं सांगत होते. जमिनीत पाईप टाकताना त्याच्याखाली बेडिंग कशासाठी घालतात, कसलं घालतात, किती जाडीचं घालतात. मुकादम ऐकत होता. तो हसून म्हणाला, "साहेब, ते मावशीला विचारा. पाईपाचं अंथरूण तीच घालते." सर भले माणूस होते, आई. ते लगेच खाली वाकले. "मावशी, जरा आमच्या मुलांना सांगता का?" तू वर बघितलंस. तीस-पस्तीस पोरांच्या रांगेवरून तुझी नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी वहीत बघितलं. पान कोरं होतं. मी त्यावर तारीख घातली, तिच्याखाली एक रेघ मारली, मग आणखी एक रेघ मारली.

"सांगती की," तू म्हणालीस. घरी तुझा आवाज बारीक असायचा. तिथे तो पार टोकाच्या पोरापर्यंत गेला. "पाईप ठेवला की कुटं तरी टेकतो. खाली दगूड असंल तर त्या एकट्या दगडावर टेकतो. वरून माती पडली, गाडी गेली, की तितंच फुटतो. म्हणून त्याची समदी पाठ टेकाय पायजे. हितं कोरडं हाय, हितं कच चालती." मूठभर दगडी कच, खडीचा भरड चुरा, तू वर धरून दाखवलीस. "पर चरात पाणी लागलं तर कच न्हाई, वाळू बी न्हाई. ती पाण्यासंगं निघून जाती आन पाईप अधांतरी ऱ्हातो. तितं बारीक खडी. बोटाच्या पेराएवढी, त्याच्यापेक्षा मोठी नको, ती टोचती."

"आणि हीच खणलेली काळी माती परत टाकली तर?" सरांनी मुद्दाम विचारलं.

"वल्ली झाली की फुगती, वाळली की भेगाळती. सोता हलती आन पाईपालाबी हलवती. तिला पाईपापासून लांब ठेवायचं." मग तू पाईपाच्या जोडाखाली हाताने माती उकरून दाखवलीस. जोडाशी पाईप जाड असतो. त्याच्याखाली खळगा केला नाही तर सगळा भार त्या जाड भागावरच येतो. "ही त्याची मान. मान टेकता कामा न्हाई. आन दोनी बाजूंच्या कुशीत खडी हातानं दाबून भरायची. फावड्यानं वरून वतली तर कूस रिकामी ऱ्हाती. वरून बघनाऱ्याला ते कदी कळत न्हाई."

पोरं भराभर लिहून घेत होती. मीही घेत होतो. माझ्या शेजारचा म्हणाला, "मावशी तर सरांपेक्षा भारी शिकवते," आणि सगळे हसले, सरसुद्धा. मग त्यानेच, अगदी सहज, खाली वाकून विचारलं, "मावशी, तुम्हाला मुलं किती?"

"एक हाय. शिकतोय."

"कुठे?"

तू पाईपावरची माती तळहाताने पुसत होतीस. "लांब हाय तो," तू म्हणालीस.

मी सहा फुटांवर उभा होतो. त्या वेळी मला काय वाटलं, ते खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, आणि तीही हप्त्याहप्त्याने. भेटीच्या अहवालात मी लिहिलं, 'एका स्थानिक महिला मजुराने उपयुक्त माहिती दिली.' त्या अहवालाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. सरांनी तो वाचून दाखवला, म्हणाले, बारकावे कसे टिपावेत ते याच्याकडून शिका.

त्या संध्याकाळी तू घरी आलीस, मोरीत हातपाय धुतलेस, स्टोव्ह पेटवलास. मी भिंतीला टेकून पुस्तक उघडून बसलो होतो. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. तू विचारलंस की सांगायचं, पोरं चेष्टा करतात, तुला माहीत नाही कॉलेजात कसं असतं, मला तिथे अजून दोन वर्षं काढायचीत. तू विचारलंच नाहीस. परातीत भाकरी थापत होतीस, पाठ माझ्याकडे. भाकरी तव्यावर टाकून म्हणालीस, "समजलं का तुला, का परत सांगू?"

"समजलं," मी म्हणालो.

"मंग बरं." आणि मला गरम भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलंस. तो विषय आपल्या घरात पुन्हा कधी निघाला नाही. तू ओरडली असतीस, रडली असतीस, तर मी भांडलो असतो आणि भांडणात माझ्या तोंडून कधीतरी चूक झाली असं निघून गेलं असतं. तू मला भांडायला जागाच ठेवली नाहीस.

नोकरी लागली तेव्हा तू मला बूट आणून दिलेस. अंबरनाथ स्टेशनजवळच्या दुकानातून, पुढे लोखंडी टोपी असलेले काळे सेफ्टी शूज, एक नंबर मोठे, कारण माझा पाय अजून वाढेल असं तुला बावीस-तेविसाव्या वर्षीही वाटत होतं. तू स्वतः रबरी चपला घालून चरात उतरायचीस. पहिल्या दिवशी मी कामावरून आलो, बूट दारात काढले, आणि तू ते उचलून उलटे करून तळवे बघितलेस. "दिसभर काठावर हुबा होतास व्हय?" मी हसलो, म्हणालो, अगं, मी इंजिनीयर आहे. तू हसली नाहीस. "बूट चकचकीत ठेवाय दिले न्हाईत. वर हुबं ऱ्हाऊन खालचं दिसत न्हाई." आयुष्यात तू मला एवढंच काय ते टोचून बोललीस. दुसऱ्या वर्षी तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं धूळ गेलीय छातीत. तुझ्या टोळीतल्या बायका आल्या होत्या, त्या विहाराच्या दाराशी बसल्या. माझ्या ऑफिसातले लोक पुढे बसले होते. वंदना झाल्यावर एकाने विचारलं, "आई काय करायच्या?" मी म्हणालो, "घरीच असायची." दाराशी बसलेल्या बायकांपैकी एकीने मान वर केली होती. ती तुझी कोण होती, मला माहीत नाही. मी त्यांच्यातल्या एकीलाही ओळखत नव्हतो.

आता सोनिवलीचं सांगतो. तुला ते गाव शेतांचं म्हणून आठवत असेल. आता तिथे उंच उंच इमारती आहेत. आमच्या कंपनीकडे एका वसाहतीचं काम होतं, तीन इमारती, आणि त्यांचं सांडपाणी खालच्या अंगाला शुद्धीकरणाच्या टाकीपर्यंत नेणारी लाईन. लाईनचं काम माझ्या देखरेखीखाली होतं. तुझ्या वेळचे ते तपकिरी चकचकीत चिनीमातीचे पाईप गेले, आई. आता प्लास्टिकचे काळे नालीदार पाईप येतात, दोन माणसं सहज उचलतात. पण हे पाईप मऊ असतात. स्वतःच्या ताकदीवर ते उभे राहत नाहीत, आजूबाजूच्या खडीने दोन्ही कुशींना धरलं तरच गोल राहतात. म्हणजे तू जे सांगायचीस ते यांना दुप्पट लागू. जमीन काळी, आणि कमरेएवढं खणलं की पाणी लागत होतं, त्यामुळे नकाशात स्पष्ट लिहिलं होतं: पाईपाखाली वीतभर बारीक खडी, दोन्ही बाजूंना खडी, पाईप झाकेपर्यंत खडी. सगळी लाईन तशीच टाकत आणली. शेवटचा तिसऱ्या इमारतीजवळचा चाळीसेक मीटरचा तुकडा उरला, आणि खडी संपली. खडीच्या खाणीवरचं मशीन बंद पडलं होतं, चार दिवस गाडी येणार नव्हती. आणि रविवारी लोकांना घरांच्या चाव्या द्यायचा कार्यक्रम ठरला होता. त्याआधी चर बुजवून वर रस्ता व्हायला हवा होता.

मी वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अरे यार, जो पड़ा है वो डाल दे ना. वरून माती, मातीवर रोड. कोण खोदून बघणार आहे?" चराच्या कडेला खणून काढलेला माल पडला होता, काळी ढेकळं आणि त्यात फोडलेल्या कातळाचे नारळाएवढे दगड. टोळीची मुकादम एक बाई होती, जांभूळ गावाकडची, पन्नाशी ओलांडलेली, सगळे तिला मावशीच म्हणायचे. मी तिला सांगितलं, याच्यावरच टाका. ती चरात उभी होती, पाणी तिच्या घोट्यापर्यंत. म्हणाली, "सायेब, यात दगड हायेत. खाली पानी हाय. पाईप बसनार. चार दिस थांबा, खडी येऊ द्या."

"मावशी, तुम्हाला विचारलंय का मी?" मी काठावरून म्हणालो. "हात चालवा."

"लोकं राहनार ना सायेब इथं."

"तुम्ही राहणार आहात का? नाही ना? मग टाका."

तू विचारशील, तेव्हा तुला मी आठवले नाही का? आठवलीस. खोटं कशाला बोलू. तिने पाणी हा शब्द उच्चारला तेव्हाच आठवलीस, आणि म्हणूनच माझा आवाज तसा चढला. मावशीने हाताला लागतील तेवढे मोठे दगड वेचून बाजूला काढले आणि तेही मी पुरते काढू दिले नाहीत, वेळ जातोय म्हणून. संध्याकाळी तपासणीच्या कागदावर 'बारीक खडीचा थर, नकाशाप्रमाणे' या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. रविवारी तिथे मांडव होता, पेढे होते. एका बाईने मला खास बोलावून पेढा दिला. तळमजल्यावर घर घेतलं होतं तिने, अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, बरोबर तिची शाळेतली मुलगी होती. म्हणाली, "दादा, चाळीतून आलोय आम्ही. स्वतःचं संडास-बाथरूम पहिल्यांदा." मी पेढा खाल्ला.

दोन वर्षं काही झालं नाही. यंदाच्या जानेवारीत तिसऱ्या इमारतीसमोरचा रस्ता एके ठिकाणी बसला, ताटासारखा खोलगट. आम्ही डांबर टाकून तो सारखा केला. मग चेंबरमधून पाणी वर यायला लागलं, तर मशीन लावून लाईन मोकळी केली. फेब्रुवारीत त्या इमारतीत कावीळ निघाली. आधी एक घर, मग सात-आठ घरं. जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी त्या चरापासून दहा-बारा पावलांवर होती आणि तिच्या भिंतीला केसासारखी चीर होती. पाईपाचा जोड उघडून सांडपाणी मातीत मुरत होतं, आणि मातीतून टाकीत. पाण्याच्या तपासणीचा कागद आला तेव्हा साहेबांच्या आधी मला कळलं, नेमकं कुठे खणायचं ते.

त्या तळमजल्यावरच्या बाईची मुलगी तेव्हा दहावीला होती. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. कंपनीतर्फे विचारपूस करायला मला पाठवलं, हातात शहाळी देऊन. मुलीचे डोळे हळदीसारखे पिवळे. उशाशी भूमितीचं पुस्तक होतं. दोन आठवड्यांवर परीक्षा आली होती आणि डॉक्टरांनी बसू द्यायला साफ नकार दिला होता. तिने मला काका म्हटलं. तिची आई म्हणाली, "बघा ना दादा, आम्ही पाणी उकळून प्यायला हवं होतं. माझीच चूक." मी म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका." एवढंच म्हणालो आणि शहाळी ठेवून आलो. ऑफिसात येऊन अहवाल लिहिला. साहेब शेजारी उभे राहून सांगत होते, "लेबर पे डाल दे. उनका क्या जाता है?" मी लिहिलं, 'मजूर टोळीने दिलेल्या सूचनांचे पालन न केल्यामुळे.' हे वाक्य त्यांचं नव्हतं. शब्द माझे होते.

लोक खवळले होते. सोसायटीने रविवारी सकाळी सभा बोलावली, इमारतीखाली गाड्या लावतात त्या जागेत. कोणीतरी दोषी दाखवायला हवा म्हणून कंपनीने मावशीला बोलावून घेतलं. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तिला कोणी बस म्हटलं नाही. ती खांबाशी उभी राहिली, धुतलेली हिरवी साडी नेसून आली होती. सोसायटीच्या सेक्रेटरीने माझा अहवाल मोठ्याने वाचला. मग ती मुलीची आई उठली. ओरडली नाही. मावशीसमोर जाऊन म्हणाली, "बाई, तुम्हालाही लेकरं असतील. असं कसं काम केलंत हो?"

मावशीने तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी उठलो. म्हणालो, "त्यांनी नाही केलं. त्यांनी मला सांगितलं होतं, खडी येईपर्यंत थांबा म्हणून. मी थांबलो नाही. दगडमातीवर पाईप टाकायला मी सांगितलं, आणि खडी टाकली म्हणून खोटी सहीही मी केली. आता वाचला तो अहवालही खोटा आहे."

मला वाटलं होतं गोंधळ होईल. झाला नाही. मुलीची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात आला होतात. मी म्हटलं, माझीच चूक. तेव्हा का नाही बोललात?"  साहेब गाडीत जाऊन बसले होते.

चर पुन्हा खणला. लाईन कुठून कशी गेलीय ते मलाच माहीत, म्हणून काम संपेपर्यंत कंपनीने मला तिथे ठेवलं, नंतर घरी बसवलं. मावशीने यायला नकार दिला असता तर मी समजलो असतो, पण ती आणि तिची टोळी आली. पाईप उघडा पडला तेव्हा तो गोल नव्हताच, पिकला आंबा हाताने दाबावा तसा चपटा झाला होता. एके ठिकाणी दगडाने खालून कोपर मारल्यासारखा आत खळगा पाडला होता, आणि त्याच्या पुढचाच जोड दोन बोटं उघडा होता. मावशीने तो दगड काढून काठावर ठेवला. मी खाली उतरलो. खडी आली होती, धुतलेली, बारीक, पेराएवढी. थर पसरला, जोडांखाली खळगे केले, नवा पाईप ठेवला. कुशीत खडी भरायला मी फावडं घेतलं तर मावशी म्हणाली, "फावडं नको सायेब. हात घाला. अजून आत. आता दाबा. पोकळ लागतंय का? लागतंय ना? मग अजून भरा."

आठ दिवस मी ते केलं. बोटांची सालं निघाली, नखं काळी पडली, आणि मला, खरं सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की तू संध्याकाळी भाकरी थापताना मधेच हात का झटकायचीस. जेवणाच्या सुट्टीत एकदा मी मावशीला विचारलं, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये पूर्वी लाईन टाकायला होता का तुम्ही? चौकटीचा पुरुषी शर्ट घालणारी एक बाई होती टोळीत, अंबरनाथहून यायची. तिने आठवून बघितलं. "नाय सायेब. असंल कोन. आमच्यासारख्या लय होत्या." मग विचारलं, "कोन लागायची तुमची?" मी म्हणालो, "आई." तिने डब्यातली चटणी माझ्यापुढे सरकवली.

लाईन आता व्यवस्थित चाललीय. पाण्याची टाकी रिकामी करून दुरुस्त केली. मुलगी बरी झाली. जुलैच्या परीक्षेला बसली, पास झाली असं वॉचमनकडून कळलं. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी त्याआधीच कॉलेजात गेल्या होत्या. मी तिच्या घरी गेलो नाही. एकदा दारापर्यंत गेलो होतो. आतून टीव्हीचा आवाज येत होता, तो ऐकून परत आलो.

दुपार झाली. कंपनीचा कागद अजून कोराच आहे, पण आता तो लिहिता येईल असं वाटतं. 'निर्णय माझा होता' एवढ्याने सुरुवात करीन, साहेबांचा फोन नंतर, खालच्या ओळीत. हे तुझं पत्र मात्र कुठे पाठवणार? खुलाशाच्या फाइलीत ठेवता येणार नाही आणि लेकीच्या हाती लागावं एवढी माझी हिंमत नाही.

वर एक गोष्ट मी अर्धीच लिहिलीय. सभेत मी उठलो, हे खरं. सगळे तेच सांगतात. बायको तिच्या शाळेत सांगते, सेक्रेटरीसुद्धा म्हणाला की साहेब, आजकाल एवढं खरं कोण बोलतं. पण त्या सकाळी सभेच्या आधी फाटकापाशी मावशी माझी वाट बघत थांबली होती. म्हणाली, "सायेब, तुमी बोलनार का मी बोलू? मी बोलले तर तुमची अब्रू सगळी जाईल. तुमी बोललात तर थोडी राहील." मी तिला उत्तर दिलं नाही. आत जाऊन मागच्या रांगेत बसलो. मुलीची आई मावशीसमोर उभी राहिली, मावशीने बोलायला तोंड उघडलं, ते मला दिसलं, आणि मग मी उठलो. मावशीने हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. मीही नाही.